बुडावरचा हिरवा ठिपका

सकाळचे सहा वाजून बेचाळीस मिनिटं. बाटल्या धुण्याच्या कारखान्यातला दोन नंबरचा पडदा. पडदा म्हणजे मागून दिवे लावलेली, हातभर लांबीची दुधी काच. तिच्यासमोरून पोलादी पट्ट्यावर बिअरच्या धुतलेल्या रिकाम्या बाटल्या सरकत जातात, मिनिटाला शंभर. स्टुलावर बसलेल्या बाईने टवका गेलेली, तडा गेलेली, आत काही चिकटून राहिलेली बाटली उचलायची आणि डाव्या हाताच्या पिंपात टाकायची. पिंपात बाटली फुटते. फुटावी म्हणूनच ती तिथे टाकायची असते. वीस मिनिटं बघायचं, वीस मिनिटं दुसरं काही करायचं, कारण त्यापुढे डोळे उघडे असले तरी बघत नाहीत.

एकवीस वर्षं ती या स्टुलावर बसते आहे. कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणतात. धुऊन आलेल्या बाटल्यांत तिने आजवर झुरळं पकडली, सिगारेटची थोटकं पकडली, आणि एकदा माणसाचा आख्खा दात पकडला. तो दात मुकादमाने अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. नवीन मुली आल्या की तो काढून दाखवतो आणि म्हणतो, "हिच्यासमोर तोंड उघडताना विचार करा."

सहा बेचाळीसला एक बाटली पट्ट्यावर आडवी झाली. तसं होतं. तिने ती उचलून उभी करायला हात घातला आणि बाटलीचं बूड तिच्याकडे वळलं. बुडाच्या खोलगट भागात, कडेला, तांदळाएवढा हिरवा ठिपका होता.

तिने बाटली पिंपात टाकली नाही. ॲप्रनच्या खिशात घातली. पाठच्या पंधरा-वीस बाटल्या न बघताच पुढे गेल्या. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

पुढची वीस मिनिटं पडद्यावर दुसरी बाई आली, तेव्हा दुर्बीण भरणीकडे, म्हणजे पुन्हा बिअर भरायला, निघालेल्या क्रेटांपाशी गेली आणि शंभर बाटल्या उलट्या करून मोजल्या. अकरांच्या बुडाला ठिपका होता. सात हिरवे, तीन पिवळे, एक पांढरा.

"काय शोधतेस गं? आणखी एक दात?" मुकादमाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझीच चूक."

मुकादम हसला. त्याला ती थट्टा वाटली.

---

ते ठिपके तिनेच सुचवले होते. का, ते कळायला दीड वर्ष मागे जावं लागतं.

तिची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. स्टेडियमच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर शाळेतल्या सहा-सात मुली भर दुपारी बिअर पीत बसल्या होत्या. बोलण्यावरून बोलणं वाढलं. कुणाचा फोन कुणी पाहिला, एवढंच कारण. दुर्बिणीच्या मुलीने बाटली कठड्यावर आपटली आणि हातात राहिलेला गळा वर्गातल्या मैत्रिणीच्या हातात, मनगटाच्या चार बोटं वर, खुपसला. नुसता खुपसला नाही, ओढला. आतल्या दोन शिरा तुटल्या. ती मैत्रीण उजव्या हाताची मूठ आजही वळू शकत नाही. पेन डाव्या हाताने धरते.

मैत्रिणीची आई बाजारपेठेत कपडे शिवते. तिला टेलरबाई म्हणतात. हॉस्पिटलमधून ती सरळ दुर्बिणीच्या घरी आली, दार उघडताच तिच्या तोंडात मारली, मग केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. दुर्बिणीने हात वर केला नाही. शेजाऱ्यांनी सोडवलं तेव्हा टेलरबाईच्या मुठीत केस होते. ती ते बराच वेळ टाकून देईना.

मुलीला आठ महिने सुधारगृहात ठेवलं. सोडताना अटी घातल्या: दारूला शिवायचं नाही, गच्चीवर फिरकायचं नाही, अठरा पूर्ण होईपर्यंत यातली एक जरी अट मोडली तर परत आत. दुर्बिणीने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तिचा नवरा दुसऱ्या गावी क्रेन चालवतो आणि महिन्यातून एकदा येतो. घरी येऊन त्याने तो कागद वाचला, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी गेला.

दोन्ही आयांना एका सतरंजीवर बसवलं ते सिस्टरने. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, दवाखान्यात अजून ड्रेसिंगला जाते. टेलरबाईच्या मुलीचे टाके तिनेच काढले होते. ती दोघींना म्हणाली, "एकमेकींची डोकी फोडून झाली असतील तर आता जरा दुकानांकडे बघा. पोरींना बाटली कोण देतं?"

त्यातून महिलांची समिती झाली. वस्तीत दारूची तीन दुकानं. तिघांनाही विचारलं. तिघांनीही कानावर हात ठेवले. कोपऱ्यावरचा दुकानदार, ज्याला जाड भिंगांमुळे सगळे चष्मेवाला म्हणतात, काउंटरवरून उठलासुद्धा नाही.

"तुमची पोरं तुम्ही आवरा, माझं दुकान मी आवरतो," तो म्हणाला. मग दुर्बिणीकडे बघून, "या बाईंची पोरगी तर बाटली फोडून मोकळी झाली. आता आल्यात मला शिकवायला."

हे त्याने अकरा बायकांसमोर म्हटलं.

त्यावर दुर्बिणीने युक्ती काढली. दर सोमवारी कंपनीची, म्हणजे तिच्याच कारखान्याची, गाडी तिन्ही दुकानांना माल देते. क्रेट दुकानात जायच्या आधी प्रत्येक बाटलीला खूण करायची. कोपऱ्यावरच्या दुकानाला हिरवी, स्टँडजवळच्याला पिवळी, पुलाखालच्याला पांढरी. मग गच्चीवर रिकामी बाटली सापडली की ती कुणी विकली ते बाटलीच सांगेल. बाटल्या एकेक काढत बसायला वेळ कुठला? म्हणून क्रेट दोन स्टुलांवर आडवा ठेवायचा आणि खालून, जाळीच्या भोकांतून, ब्रशने बुडाला ठिपका द्यायचा. चोवीस बाटल्या, पाऊण मिनिट. दुकानदारांनी आधी आरडाओरडा केला. बायका दुकानांच्या पायऱ्यांवर दिवसभर बसून राहिल्या, तेव्हा ते गप्प झाले.

पहिले दोन आठवडे नेलपॉलिश वापरलं. गच्चीवर सापडलेल्या बाटल्यांवर ठिपकाच नव्हता. सगळ्यांचं एकमत झालं की दुकानदार थिनरने पुसून टाकतात.

"पुसला जाणार नाही असा रंग नाही का तुमच्या कारखान्यात?" टेलरबाईने विचारलं.

होता. धुलाईच्या यंत्रावर नळांच्या खुणा करायला देखभाल विभाग एक रंग वापरतो. यंत्रात ऐंशी अंशाचं कॉस्टिक सोड्याचं पाणी असतं. त्यात लेबल जातं, डिंक जातो, चुकून हात गेला तर कातडी जाते. हा रंग जात नाही. दुर्बिणीने त्याचे तीन छोटे डबे मागून आणले. त्या दिवशी टेलरबाई तिच्याशी पहिल्यांदा नीट बोलली. म्हणाली, "चहा घेऊन जा."

पडद्यासमोर बाटल्या उभ्या असतात. बूड दिसत नाही. बूड बघायला खाली एक कॅमेरा आहे, तो मोठी घाण तेवढी पकडतो. आणि एकवीस वर्षं जी बाई धुऊन परत आलेल्या बाटल्या बघत होती, तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही की खूण केलेली बाटलीसुद्धा रिकामी होऊन इथेच येणार, धुतली जाणार, भरली जाणार, आणि खुणेसकट भलत्याच ठिकाणी विकली जाणार. कोपऱ्यावरच्या दुकानाचा खप सगळ्यांत मोठा. त्यामुळे परत फिरणाऱ्या बाटल्यांत हिरव्याच जास्त.

गच्चीवर बिनठिपक्याच्या निघत होत्या त्या कुणी मोजल्या नाहीत. आठव्या आठवड्यात तिथे तीन हिरव्या सापडल्या. नवव्यात चार. दहाव्यात पाच, आणि एका नववीतल्या मुलीला उलट्या थांबेनात म्हणून उचलून न्यावं लागलं.

अकराव्या आठवड्यातला शनिवार, दुपारचे सव्वाचार. चाळीसेक माणसं कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. निम्म्या बायका, बाकी कुणाचे बाप, कुणाचे काका. सिस्टर दवाखान्यात होती. टेलरबाईच्या हातात कापड मोजायची लोखंडी पट्टी होती. तिने ती काउंटरवर आपटली.

"बारा हिरव्या सापडल्या! बारा! आता बोल."

"मी पोरांना देत नाही," चष्मेवाला म्हणाला. "आली तर हाकलतो."

"मग काय बाटल्यांना पाय फुटले?"

"ते तुमच्या पोरांना विचारा ना. इथे कशाला—"

पट्टी त्याच्या हातावर बसली. हात काउंटरवर टेकलेला होता, त्यामुळे बोटं जिथल्या तिथे मोडली. तो ओरडला आणि मागच्या रॅकवर पडला. रॅक आला खाली. मग कुणीच थांबलं नाही. काउंटर ओलांडून माणसं आत गेली, त्याला पायाला धरून काचांवरून काउंटरबाहेर ओढलं. चष्मा गेला. तो आंधळ्यासारखा हात पुढे करून दाराकडे धडपडला. नववीतल्या त्या मुलीचा बाप शटर ओढायची आकड्याची सळई घेऊन उभा होता. त्याने ती दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर घातली. तिसऱ्या फटक्याला आवाज बदलला, असं तिथे असलेल्या एका बाईने नंतर सांगितलं. ओलं लाकूड मोडावं तसा.

तिसऱ्या फटक्याच्या आधी चष्मेवाल्याने उंबऱ्याच्या बाहेर एक पाय टाकला होता. दुर्बीण बाहेर पायरीवर होती. तिने वर उडी मारून शटरची कडी पकडली आणि शटर कमरेपर्यंत खाली ओढलं. पाय आत गेला.

पोलिसांनी अनोळखी जमाव असं लिहून घेतलं. दुकानाला सील लागलं. अज्ञान मुलांना दारू विकल्याचा गुन्हा चष्मेवाल्यावर नोंदवला गेला आणि पुरावा म्हणून बारा बाटल्या जमा झाल्या.

आणि गुरुवारी, म्हणजे आज, संध्याकाळी पाचला समितीने पुन्हा जमायचं ठरवलं होतं. चष्मेवाल्याची बायको आणि अंथरुणाला खिळलेले सासरे दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांना सामानासकट रस्त्यावर आणायचं होतं.

---

पाळी दोनला सुटली. दुर्बीण घरी आली तेव्हा मुलगी फरशीवर बसून वह्यांना कव्हर घालत होती. दुर्बिणीने खिशातली बाटली तिच्यासमोर ठेवली.

"ही आज पट्ट्यावर आली. धुऊन."

मुलीने बाटली उलटी केली. बघितली. परत उभी ठेवली.

"चष्मेवाला देतो का गं पोरांना?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत आहे."

मुलगी कात्रीने कव्हराचा कोपरा कापत राहिली. दुर्बिणीने कात्री तिच्या हातातून काढून घेतली.

"तो नाही देत," मुलगी म्हणाली. "कुणीच जात नाही त्याच्याकडे. मागे एक मुलगी गेली होती, तिला त्याने फूटपट्टीने मारत मारत चौकापर्यंत नेलं. पाठीवर वळ उठले तिच्या."

"मग कुठून येते?"

"आई, जाऊ दे ना."

"कुठून?"

"गाडीवरून." आणि मग एकदम सगळं बोलून टाकावं तसं, "सोमवारी. तुम्ही सगळ्या काकू दुकानाच्या पुढे क्रेट आडवे करून ठिपके देत बसता ना, तेव्हा गाडीचा मागचा दरवाजा गल्लीत असतो. तो हमाल असतो तिथे, सोनेरी दातवाला. तुम्ही पुढून रंग लावता, तो मागून देतो. मुली हसतात, आई. म्हणतात, काकू आल्या की माल आला."

दुर्बीण खाली बसली. सोनेरी दातवाला हमाल रोज सकाळी तिला "काय दुर्बीण, आज काय दिसलं?" म्हणून पुढे जातो.

गाडीतल्या बाटल्यांवर नवा ठिपका नसणार. असला तर मागच्या फेरीचा. सुरुवातीला मागची फेरीच नव्हती, म्हणून ठिपका नव्हता. कुणीही थिनर वापरलं नव्हतं.

"हे तू कधी पाहिलंस?"

मुलीने कपाटाकडे बघितलं. कागद दाराच्या आत होता, दार बंद होतं.

"दोनदा. मुलींबरोबर होते. पीत नाही मी. शपथ. नुसती जाते."

"गच्चीवर?"

"सगळ्या तिथेच असतात. शाळेत माझ्याशेजारी कुणी बसत नाही. मी कुठे जाऊ?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवत होतं.

"तू सांगणार का?" मुलीने विचारलं.

"बाटल्यांचं सांगणार. ते माझं आहे."

"मग ते विचारतील, पोरांना मिळते कुठून."

"विचारतील."

"आणि कुणी सांगितलं ते विचारतील. मग मला परत पाठवतील." तिचा आवाज चढला. "त्या माणसासाठी? तो तुला काय बोलला होता ते विसरलीस? सगळ्यांसमोर?"

"नाही विसरले," दुर्बीण म्हणाली. "म्हणूनच शटर ओढलं."

मुलीने वही भिंतीवर फेकली. मग दुसरी. तिसरी वही आईच्या कानाला लागली. दुर्बीण उठली, तिने तोंड धुतलं आणि बाहेर पडली. पाचला वीस मिनिटं कमी होती.

---

कोपऱ्यावरच्या दुकानाला बाजूने जिना आहे, बारा पायऱ्या, मध्ये एक वळण. सील खालच्या शटरला लावलं होतं. वळणावर भरलेल्या बाटल्यांचे नऊ क्रेट रचलेले होते, ते सील लावणाऱ्यांनी पाहिले नव्हते. चष्मेवाल्याच्या बायकोने पाहिले होते.

पहिली बाई तिसऱ्या पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच वरून बाटली आली. भरलेली बाटली फुटते तेव्हा बाँबसारखा आवाज होतो. काचा भिंतीपर्यंत उडाल्या. दुसरी बाटली एका बापाच्या खांद्यावर फुटली आणि तो मागच्या दोघींना घेऊन कोसळला.

"या! या ना वर!" चष्मेवाल्याची बायको ओरडत होती. तिने पदर कमरेला खोचला होता, दोन्ही हातांत बाटल्या होत्या. "एका पायावर केलात त्याला! आता माझे पाय घ्यायला आलात? या! दोनशे सोळा आहेत माझ्याकडे!"

"खाली उतर, सटवे!" कुणीतरी ओरडलं.

"तूच ये वर! तुझ्या टाळक्यावर मोजून देते!"

फेस पायऱ्यांवरून खाली येत होता. एका बाईच्या पोटरीत काच शिरली होती, ती भिंतीला धरून बसली. टेलरबाई डोक्यावर रिकामं घमेलं धरून वर जायला लागली. घमेल्यावर बाटली फुटली. ती गुडघ्यावर आली, पुन्हा उठली.

दुर्बीण पोहोचली ती या वेळी. तिने "थांबा" असं दोनदा म्हटलं, ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग तिने खाली बघितलं.

बाटलीचं अंग चुरा होतं, पण बूड जाड असतं, ते बहुतेक वेळा आख्खं राहतं. पायरीच्या कडेला, फेसात, अशी बुडं पडली होती. तिने तीन उचलली. बोट कापलं. एकावर हिरवा ठिपका, शेजारी पिवळा. दुसऱ्यावर नुसता हिरवा. तिसऱ्यावर हिरवा, पिवळा आणि पांढरा.

सिस्टर जिन्याखाली पोटरीतली काच काढत होती. दुर्बिणीने ती बुडं तिच्या मांडीवर टाकली.

"सिस्टर, बघा. चष्मा लावा आणि बघा."

सिस्टरने बघितलं. "याच्या दुकानातल्या बाटल्या ना या? मग पिवळा कसा?"

"आमच्याकडे धुतल्या तरी तो रंग निघत नाही. मागच्या फेरीला ही बाटली स्टँडजवळ विकली गेली. या फेरीला इथे आली. आपण इथला हिरवा दिला. जुना तसाच राहिला. आज शंभरांत अकरा सापडल्या मला."

"मग गच्चीवरच्या हिरव्या?"

"त्या कुणीही विकलेल्या असतील. त्याच्याच, असं त्या बाटल्यांवरून सांगता येत नाही."

सिस्टर उठली आणि जिन्यात दोन्ही हात वर करून उभी राहिली. ती चाळीस वर्षं वॉर्डात आवाज बसवत आली होती. तिने एकदाच "बास!" म्हटलं. वरून आलेली एक बाटली तिच्या पायाशी फुटली. ती हलली नाही. मग पुढची आली नाही.

टेलरबाई चौथ्या पायरीवरून खाली आली. घमेलं टाकलं. बुडं हातात घेऊन उजेडाकडे धरली, एकेक.

"म्हणजे शनिवारी आपण कुणाला मारलं?"

"चष्मेवाल्याला," दुर्बीण म्हणाली.

"ते दिसलं मला. का मारलं?"

"मी रंग चुकीचा आणला म्हणून."

"तो देत नव्हता?"

"नव्हता. हाकलून देत होता."

टेलरबाईने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. मग कमरेची लोखंडी पट्टी काढली आणि दुर्बिणीच्या तोंडावर मारली. भुवई फाटली. "तुझ्या पोरीने माझ्या पोरीचा हात घेतला," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, आणि दुसरी मारली, ती गालाच्या हाडावर बसली. "आणि तू माझ्या हाताने हे करून घेतलंस." दुर्बीण फेसात आणि काचांत बसली. आजूबाजूला तीसेक माणसं होती. पहिल्या दोन फटक्यांना कुणी पुढे आलं नाही. तिसऱ्याला सिस्टरने पट्टी धरली, आणि पट्टीच्या धारेने तिचाही तळवा चिरला.

वर, वळणावर, चष्मेवाल्याची बायको हातात बाटली घेऊन हे सगळं बघत होती.

"तुमचं आपसात आटपा आणि निघा," ती म्हणाली. "जिना धुवायचा आहे मला."

लोक निघाले. एकेक, मग सगळेच. सामान खाली आलं नाही.

---

दवाखान्यात दुर्बिणीच्या भुवईला सात टाके पडले. डावा डोळा सुजून बंद झाला होता. तिथून ती आणि सिस्टर पोलीस ठाण्यात गेल्या, तेव्हा सव्वासहा झाले होते. तिने आधी रंगाचं सांगितलं, मग बाटल्यांचं, मग शटरचं.

"शटर तुम्ही ओढलंत?" इन्स्पेक्टरने लिहिता लिहिता विचारलं. "हे लिहिलं तर तुम्ही आरोपी होता. कळतंय ना?"

"लिहा."

"आणि बाकीचे?"

"मी माझं सांगायला आले."

जमा केलेल्या बारा बाटल्या कपाटातून काढल्या. बाराही बुडांवर हिरव्या ठिपक्याची कड झिजून फिकट झाली होती, जशी सोड्याच्या पाण्यातून निघाल्यावर होते. तुलनेसाठी तिने जिन्यातलं एक बूड दिलं. नव्या ठिपक्याची कड धारदार होती. इन्स्पेक्टरने दोन्ही खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि बराच वेळ पाहिली.

"मग पोरांना मिळते कुठून?"

दुर्बिणीने सिस्टरकडे बघितलं नाही. "कंपनीच्या गाडीवरून. सोमवारी. मागच्या दाराने."

"कुणी सांगितलं?"

तिने बारा बाटल्या टेबलावर पुन्हा एका रांगेत लावल्या. इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं.

"बाई, ऐकीव गोष्टीवर मी गाडी अडवू शकत नाही. पाहणारं कुणी नसेल तर गाडीचं सोडून द्या. मग पोरांना दारू कुणी दिली या प्रश्नाला माझ्याकडे एकच नाव उरतं, ते हॉस्पिटलमध्ये पडलंय. ठिपके बाद झाले तरी गुन्हा लगेच मागे घेता येत नाही. सोमवारी पुन्हा गाडी येणार, ते वेगळंच."

"पाहणारं आहे," ती म्हणाली. "माझी मुलगी."

"वय?"

"सोळा." आणि त्याने विचारायच्या आत तिने अटींचं सांगितलं, कपाटातला कागद तोंडपाठ असल्यासारखं.

इन्स्पेक्टरने ते लिहिलं. अट मोडल्याचं कळवावं लागेल, असं म्हणाला. स्वतःहून साक्ष दिली हेही कळवीन, पुढे काय ते बाल न्याय मंडळ ठरवेल, असंही म्हणाला. त्याने कसलंही वचन दिलं नाही.

घरी मुलगी दारातच उभी होती. आईचा चेहरा बघून तिने आधी पाणी आणलं, मग बर्फ.

"कुणी मारलं?"

"टेलरबाईने."

"का?"

"बरोबर मारलं."

"आणि माझं?"

"नाव दिलं."

मुलीने बर्फाचा रुमाल आईच्या हातात कोंबला, आत गेली, कपाट उघडलं आणि दारावरचा कागद ओढून काढला. चार तुकडे केले. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शाळेची बॅग होती. तिने ती रिकामी केली आणि ती त्यात दोन ड्रेस, कंगवा आणि टॉवेल घालायला लागली.

"तिथे टॉवेल देत नाहीत," ती म्हणाली. "गेल्या वेळी नव्हता माझ्याकडे."

"कदाचित नाही पाठवणार."

"कदाचित," मुलगी म्हणाली, आणि टॉवेलची घडी पुन्हा घातली.

चाळीस माणसांपैकी गुरुवारपर्यंत जबाब दिला तो एकीने. सोनेरी दातवाला हमाल त्या दिवशीच्या फेरीवरून कारखान्यात परतला नव्हता. गुडघ्यावर दुसरं ऑपरेशन करावं लागेल, असं हॉस्पिटलने चष्मेवाल्याच्या बायकोला सांगितलं आहे.

उद्या शुक्रवार. मायलेकींना सकाळी साडेदहाला ठाण्यात हजर व्हायचं आहे. म्हणून दुर्बिणीने फोन करून आपली पाळी सकाळी सहाऐवजी दुपारी दोनची करून घेतली आहे, आणि मुकादमाने तसं फळ्यावर खडूने लिहिलं आहे.